गाऱ्हाण्यातलं तिसरं नाव

विठू गावकर हा पेडण्याच्या बसस्टँडवरचा पायलट. मोप्याला विमानतळ झाल्यापासून हे परक्या माणसाला जरा जपून सांगावं लागतं. गोव्यात पायलट म्हणजे मोटारसायकलच्या मागच्या सीटवर भाडं बसवून नेणारा माणूस. पुढचा मडगार्ड पिवळा, हँडलला अडकवलेली छत्री, आणि मागे बसलेल्या म्हातारीला "बाये, घट्ट धर" असं बजावणारा आवाज. पेडणे तालुक्यातली निम्मी माणसं कधी ना कधी विठूचा खांदा धरून बसलेली आहेत. एवढ्या वर्षांत चिखलात म्हणा, उतारावर म्हणा, त्याची गाडी एकदाही घसरलेली नाही. हे तो स्वतः सांगत नाही. पण दुसरं कोणी सांगेपर्यंत विषयही बदलू देत नाही.

त्याच्याकडे आणखी एक काम आहे, आणि ते गाडीपेक्षा जुनं आहे. त्याच्या घराण्याकडे गावचं गाऱ्हाणं आहे. आमच्याकडे कुठलंही काम काढलं, नवी गाडी म्हणा, मुलीचं लग्न म्हणा, आखातातली नोकरी म्हणा, की रवळनाथापुढे नारळ ठेवतात आणि गावकर उभा राहून देवाला मोठ्याने सगळं सांगतो. कोण आलंय, कशासाठी आलंय, कुठे आडनड येईल ती कशी दूर करायची. प्रत्येक वाक्यामागे बाकीचे हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणतात. हे कुठे लिहिलेलं नसतं, ज्याच्या त्याच्या तोंडात असतं. नियम एकच. ज्याचं काम, त्याचं नाव घेतलं पाहिजे. नावच घेतलं नाही तर देवाने पाठीशी उभं राहायचं कोणाच्या? चुलता थकल्यावर हे गाऱ्हाणं विठूकडे आलं, आणि तो ते करतोही झकास. आवाज खणखणीत, आणि कोणाच्या घरात काय चाललंय हे पायलटाइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

खोट एकच. विठू जळका आहे. तसं सगळ्या जगावर जळायला त्याला सवड नाही. तो जळतो नारायणावर.

नारायण परब त्याचा शाळेपासूनचा दोस्त. शाळेत असताना विठू बापाची जुनी राजदूत चोरून काढायचा आणि नारायण मागे डोळे मिटून बसायचा. पुढे विठूनेच त्याला गाडी शिकवली. शिकताना नारायण गाडीसकट शेतात गेला आणि भाताच्या कोवळ्या रोपांत, तरव्यात, बसून रडला, ही गोष्ट विठूने लोकांना सांगून सांगून झिजवली आहे. तोच नारायण आज साखळी गावच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान चालवतो. दुकान सासऱ्याचं, पण वाढवलं त्यानेच, हे विठूलाही नाइलाजाने कबूल करावं लागतं. घराला काचेची गॅलरी, दारात भलीमोठी मोटारसायकल. रविवारी हेल्मेटवर कॅमेरा लावून नारायण फिरायला निघतो आणि संध्याकाळी त्याचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर येतो. विठू रोज गाडी चालवतो ते पोटासाठी. नारायण आठवड्यातून एकदा चालवतो ती हौस. आणि लोक बघतात हौसेकडे. विठू ते व्हिडिओ पुन्हापुन्हा बघायचा, कुठल्या वळणावर नारायणाचा गिअर चुकला ते शोधत.

अशात त्यांच्याच टोळक्यातल्या गौरेशच्या डोक्यात थायलंड शिरलं. गौरेशच्या मोपा विमानतळावर टॅक्स्या आहेत. येणारे-जाणारे बघून त्यालाही जावंसं वाटू लागलं होतं. थायलंडच्या उत्तरेला डोंगर आहेत, रस्ते लोण्यासारखे, मोटारसायकली भाड्याने मिळतात, आणि वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. डिचोलीला वीज खात्यात असलेला चौथा दोस्त साईश लगेच तयार झाला. नारायण तर बॅग भरूनच बसला. विठूचा भिशीचा नंबर नेमका तेव्हाच लागला, आणि त्याची बायको गंगा म्हणाली, "जावा. हय ऱ्हवलास तर तेंचे व्हिडिओ बघून माका खातलास."

विठूला थायलंड बघायचं नव्हतं. त्याला त्या डोंगररस्त्यावर तिघांच्या पुढे असायचं होतं. घर, दुकान, नोकरी, टॅक्स्या, सगळ्यांत तो मागे राहिला होता. गाडीच्या सीटवर तेवढा तो पहिला. ते एकदा सगळ्यांना, आणि मुख्य म्हणजे नारायणाला, नीट दिसलं पाहिजे, एवढीच त्याची इच्छा. त्यासाठी तो समुद्र ओलांडून निघाला.

चियांग माई नावाच्या शहरात ते उतरले. दुसऱ्या सकाळी भाड्याच्या दुकानात गेले तर तिथे तीन मोठ्या मोटारसायकली उभ्या होत्या आणि चौथी जागा रिकामी. दुकानवाल्या बाईने खुणांनी सांगितलं की चौथी गाडी आदल्या दिवशी कोणीतरी आपटून आणली. तिच्या बदल्यात तिने कोपऱ्यातली एक स्कूटर दाखवली. पिस्त्याच्या रंगाची, पुढे पिशवी अडकवायला हूक, आरशाला कसलंसं फूल चिकटवलेलं.

तीन मोटारसायकलींपैकी एक लाल होती. विठूने तिच्याकडे एकदा बघितलं आणि दुसरीकडे बघू लागला. तिचं इंजिन किती खाली बसवलंय, वळणावर ती कशी झुकेल, हे त्याच्या मांड्यांना न बसताच कळलं होतं.

"स्कूटर कोण घेता?" गौरेशने विचारलं.

इथे विठूने चूक केली. चूक म्हणजे आपल्याकडचा प्रत्येक माणूस रोज करतो तीच. जेवताना वाढणारी समोर आली की आपण ताटावर हात आडवा धरतो आणि "नाका, नाका" म्हणतो. ती वाढतेच. पहिल्या विचारण्याला हो म्हणतो तो हावरट. त्याच चालीवर विठू म्हणाला, "माका कायय चलता. तुमी घेवा आधी."

आणि तो वाट बघत राहिला. आता नारायण म्हणेल, छे, तू स्कूटरवर? मग आपण म्हणू, असू दे रे. मग गौरेश म्हणेल, नाय नाय, तांबडी तुकाच. मग आपण नाइलाज झाल्यासारखं लाल गाडीवर बसू.

"बरां झाला," नारायण म्हणाला. "तू पायलट. तुका स्कूटर काय नि तांबडी काय, सारकीच." आणि पाय टाकून तो लाल गाडीवर बसला.

साईश आणि गौरेश हसले. विठूही हसला. त्याला कोणी दुसऱ्यांदा विचारलंच नाही.

निघण्याआधी गाऱ्हाणं झालं. परदेशात आलं म्हणून ते सोडायचं हे चौघांपैकी कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. नारळ मात्र सोललेला, सुका मिळेना. त्या मुलखात ज्याच्या त्याच्या हातात शहाळं आणि त्यात नळी. शेवटी साईशने एक शहाळंच आणलं. दुकानासमोर, आपल्या तुळशीवृंदावनासारख्या एका खांबावर, एक छोटं रंगीत देऊळ होतं. आत माणसांच्या इवल्या मूर्ती आणि पुढे लाल सरबताची बाटली, नळीसकट. तिथे प्रत्येक घरापुढे असं असतं. ते काय आहे हे विठूला सांगावं लागलं नाही. आपल्या गावची सीम राखणारा राखणदार विडी आणि जाड भाकरीचा रोट घेतो, यांचा सरबत घेतो, एवढाच फरक. त्याने शहाळं तिथे ठेवलं आणि सुरुवात केली.

"बा रवळनाथा, माये सातेरी, आणि हय जो कोण राखणदार आसा तो, आज तुमची चार लेकरां परक्या वाटेर उभी आसत..."

"व्हय म्हाराजा."

"गौरेश, साईश, नारायण आणि मी विठू, हेंच्या गाडयेक, हेंच्या हातापायांक खय आडनड येयत ती येशीभायर घालव आणि जशी भायर काढलस तशी सुखरूप घराक पावती कर..."

"व्हय म्हाराजा."

दुकानवाली बाईही हात जोडून उभी राहिली.

रस्ता खरोखरच लोण्यासारखा होता. कापणी झालेली शेतं, मधूनच पाणी धरलेलं एखादं खाचर, म्हशी, केळी, बांबूची घरं. बायका सुपात काहीतरी पाखडत बसलेल्या. त्यांच्या डोक्यावरच्या टोप्या सोडल्या तर सगळं पेडण्यातल्या चांदेल-कासारवर्ण्यासारखंच. मग डोंगर सुरू झाला आणि वळणांमागून वळणं येऊ लागली. तिन्ही मोटारसायकली घुमत पुढे गेल्या. विठू मागून स्कूटरचा कान पिळत राहिला. चढावर ती दम लागलेल्या बकरीसारखी ओरडे. शिवाय तिला पाय ठेवायला सपाट जागा असल्याने चौघांच्या बॅगा तिच्यावर आल्या होत्या. "तुझ्याकडे जागा आसा मरे," असं म्हणत तिघांनी एकेक करून त्या आणून ठेवल्या होत्या. विठू गुडघे फाकवून, बॅगांना मिठी मारल्यासारखा बसे.

मागे राहण्याचा एक फायदा असतो: पुढच्याचं सगळं दिसतं. नारायण वळणात शिरताना उशिरा ब्रेक दाबत होता. लाल गाडी झुकायला तयार होती आणि हा तिला झुकू देत नव्हता. तरी ती गाडी इतकी गुणाची की त्याच्या चुका पोटात घालून सरळ निघे. विठूला वाटे, माझ्या हातात असती तर काय नाचली असती. हे त्याला प्रत्येक वळणावर वाटे, आणि त्या रस्त्याला वळणांची कमी नव्हती. नारायण पडावा असं त्याला वाटत नव्हतं, हे त्याने स्वतःला बजावलं होतं. गाडी फक्त बंद पडावी. चहाच्या टपरीपुढे, चारचौघांत, ऐन चढावर. एवढं तर कोणी कोणाबद्दल इच्छू शकतो, असं त्याचं मत होतं.

बंद काही पडली नाही. उलट नारायण प्रत्येक घाटमाथ्यावर आधीच पोहोचून हेल्मेट काढून उभा असे, वाऱ्याने केस उडालेले, आणि कोणीतरी गोरी मुलगी त्याच्या गाडीचा फोटो काढत असे. मग मागून विठू येई, बॅगांसकट. दुसऱ्या मुक्कामाला ज्या घरगुती लॉजमध्ये ते उतरले, तिथल्या मालकिणीने तिघांना पुढच्या पडवीत बसवून चहा दिला आणि विठूला बॅगा घेऊन मागच्या दाराने यायची खूण केली. गौरेशला हसता हसता ठसका लागला. विठू मागच्या दाराने गेला. त्याने विचार केला, आता एकदा तरी नारायण म्हणेल, उद्या तू घे तांबडी. नारायण चहात बिस्किट बुडवत होता.

त्याच संध्याकाळी गंगाचा फोन आला. ग्रुपवर व्हिडिओ पडला होता. डोंगर, ढग, लाल गाडीचं हँडल आणि नारायणाचा आवाज. मध्येच कॅमेरा मागे वळला होता आणि लांब, खाली, वळणावर एक पिस्त्याच्या रंगाचा ठिपका वर येताना दिसत होता. नारायण म्हणत होता, "आणि ह्यो आमचो विठू. सगळ्यांचा सामान हेच्याकडे. ह्यो नसतो तर आमी उपाशी मेल्ले."

"बरो व्हिडिओ काढलोहा हां नारायणभावजींनी," गंगा म्हणाली. "गाडी काय सोबता तेंका. तुमी नीट दिसनास नाय. जवळसून एक काढूक सांगा तेंका."

"सांगतंय," विठू म्हणाला.

फोन ठेवून त्याने व्हिडिओखाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचलं. स्टँडवरच्या रुद्रेशने हसण्याची चित्रं टाकून लिहिलं होतं, 'पायलट आता हमाल झालो.' नारायणाने वाईट काहीच म्हटलं नव्हतं. खरं तर चांगलंच म्हटलं होतं. विठूला जाळत होतं ते तेच. भांडायला जागा असती तर निदान भांडता आलं असतं. त्याला नारायणाचं घर नको होतं, दुकान नको होतं, काचेची गॅलरी तर फुकट दिली तरी नको. ही एक गोष्ट त्याची होती, आणि तीही नारायणाने घेतली होती. घेतली तीही न मागता, न कळता, हसत.

सकाळी धुकं होतं. लॉजच्या फाटकाशी तसंच खांबावरचं देऊळ होतं. चौघे उभे राहिले. गौरेश हातमोजे चढवत होता, साईशच्या तोंडात अजून केळ्याचा घास होता. नारायण मात्र रोजच्यासारखा चपला काढून, हात जोडून, डोळे मिटून उभा होता. त्याची ही सवय शाळेपासूनची. देवापुढे तो घाबरट मुलगाच राहिला होता.

विठूने सुरुवात केली. रवळनाथ आला, सातेरी आली, इथला राखणदार आला. मग नावं.

"गौरेश, साईश..." तो म्हणाला, आणि तिसऱ्या नावाशी जीभ आली. ठरवलं असं त्याने काही नव्हतं. पण निसटलं असंही म्हणता येणार नाही. श्वासभर आधी त्याला कळलं होतं की आपण आता हे नाव घेणार नाही, आणि त्याने ते घेतलं नाही. "...आणि मी विठू, हेंच्या गाडयेक, हेंच्या हातापायांक..."

"व्हय म्हाराजा," गौरेश आणि साईश म्हणाले.

गाऱ्हाणं संपलं. दोघे गाड्यांकडे वळले. नारायणाचे हात जोडलेलेच होते. डोळे उघडून तो विठूकडे बघत होता, जणू अजून काहीतरी व्हायचं राहिलंय. विठू वाकून बॅगांची दोरी बांधू लागला. थोड्या वेळाने नारायणाने हात खाली घेतले आणि चपला घातल्या.

त्या दिवशी नारायण पहिल्यापासून हळू होता. घाट सुरू झाला तसा आणखी हळू. सरळ रस्त्यावरही पाय दोन्ही बाजूंना सोडून, बैलगाडीच्या चालीने. विठूला आधी मजा वाटली. धुक्यात सगळी हौस उतरली, तो मनात म्हणाला. मग एका उतारावर त्याने स्कूटर बाहेर काढली, हॉर्न दिला आणि लाल गाडीला मागे टाकलं. बॅगांसकट मागे टाकलं. त्या क्षणी त्याला जो आनंद झाला तो त्याला इथवरच्या सगळ्या प्रवासात झाला नव्हता. पुढच्या वळणांवर स्कूटर त्याच्या हाताखाली अशी लवली की तिचं तिलाच नवल वाटावं. गौरेश आणि साईश आधीच निघून गेले होते, पण त्यांचं काही नव्हतं. आरशात लाल ठिपका लहान होत होत नाहीसा झाला.

घाटमाथ्यावर कॉफीची टपरी होती. तिघांनी कॉफी घेतली. आज विठू मोठ्याने बोलत होता, रस्त्याच्या वळणांची नक्कल करून दाखवत होता. कॉफी संपली. मग साईशने उकडलेले शेंगदाणे घेतले, तेही संपले. धुकं उडून खालची दरी दिसू लागली. किती खोल होती ते आता कळलं.

"व्हिडिओ काढीत बसलो असतलो," गौरेश म्हणाला.

विठूने फोन लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला. तसाच वाजत राहिला. इतकी वर्षं इतक्या लोकांची नावं त्याने देवापुढे घेतली होती. घेतल्याने काय होतं हे त्याने कधी तपासलं नव्हतं. न घेतल्याने काय होतं हे बघायची वेळ त्याच्यावर आली नव्हती, कारण न घेणं ही गोष्टच नव्हती.

"बघून येतंय," तो म्हणाला. बॅगा भराभर सोडून त्याने टपरीत टाकल्या. गौरेश म्हणाला, "माझी गाडी घेवन जा," पण ते ऐकायला विठू थांबला नाही.

येताना जी वळणं त्याने नाचत घेतली होती, त्या प्रत्येक वळणावर तो आता थांबून खाली बघत होता. रवळनाथाला तो काहीबाही कबूल करत होता. एका वळणावर खाली झाडीत काहीतरी लाल दिसलं आणि तो स्कूटर सोडून कडेला धावला. ते कोणाचं तरी वाळत घातलेलं कापड होतं.

त्याच्या पुढच्याच वळणाला, रस्त्याच्या कडेला, लाल गाडी स्टँडवर नीट उभी होती. शेजारी एक जुनाट खांबावरचं देऊळ, आणि त्याच्या कठड्याला टेकून नारायण बसला होता. हेल्मेट मांडीवर. कुठे खरचटलेलंसुद्धा नाही.

"पडलस?"

"नाय."

"पेट्रोल संपला?"

"नाय."

"मग फोन कित्याक उचलूक नाय? आमी थय जीव मुठीत घेवन..." विठूचा आवाज चढला. जिवंत माणसावर ओरडायला मिळतंय याचंच त्याला बरं वाटत होतं.

नारायण हेल्मेटची दोरी बोटाला गुंडाळत होता. "आज माजा नाव घेवक नाय तू," तो म्हणाला.

"घेतलंय. तुका आयकाक येवक नसात."

"विठू, मी माज्या नावाची वाट बघतंय दरवेळाक. ता आयल्याबगर माका गाडयेर पाय टाकूक धीर येना नाय. तुका सांगाक लाज वाटता. पण माका भिरांत वाटता, रे. पयल्यापासून. आज हय्यसर येवन हात कापाक लागले. मगे बसलंय."

रस्त्यावरून भाजीचा एक टेम्पो गेला. ड्रायव्हरने जाता जाता त्या देवळाला हॉर्न वाजवून नमस्कार केला.

"नाय घेतलंय," विठू म्हणाला.

"कित्याक?"

चांगलंसं कारण शोधायला गेला असता तर मिळालं असतं. पण त्याला ते शोधायचा कंटाळा आला होता. "माका ती गाडी व्हयी हुती," तो म्हणाला.

नारायणाने आधी गाडीकडे बघितलं, मग विठूकडे. त्याला खरंच कळलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. "मगे सांगाक काय झाला? तूच म्हणालस कायय चलता."

"तू परत इचारूक नाय."

नारायणाने खिशातून किल्ली काढली आणि हात पुढे केला. तळहातावर किल्ली, तिला एक छोटा लाकडी हत्ती. विठूचा हात खाजला. एवढं सगळं होऊनही खाजला, आणि आपला हात खाजतोय हे कळून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ठेव ती," तो म्हणाला. "उभो ऱ्हव."

नारायण उभा राहिला. चपला काढल्या. विठूनेही बूट काढले. नारळ नव्हता, शहाळंही नव्हतं. विठूने हात जोडले आणि सांगायला सुरुवात केली. आज त्याने नारायणाचं एकट्याचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, गावच्या नावासकट, साखळीच्या घरासकट. हेच्या गाडयेक सांभाळ, हेच्या हातांक धीर दे, जसो भायर काढलस तसो पोराबाळांत पावतो कर. प्रत्येक वाक्यापाठी नारायण एकटाच "व्हय म्हाराजा" म्हणत होता. शेवटी येतं ते वाक्य आलं, की काय चुकलं-माकलं असेल तर पोटात घाल. हे वाक्य विठूने आजवर दुसऱ्यांच्या वतीने म्हटलं होतं. आज ते त्याने दोनदा म्हटलं.

"व्हय म्हाराजा," नारायण म्हणाला.

दोघांनी पायताणं घातली. नारायणाने हेल्मेट उचललं, पण डोक्यावर चढवलं नाही. तो दरीकडे बघत होता.

"विठू," तो म्हणाला, "एक इचारू?"

"इचार."

"बाबांच्या वेळार तेंचा नाव घेतलस मा?"

दोन पावसाळ्यांपूर्वी नारायणाचा बाप इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होता. नारायण त्याच्या उशाशी होता, हलता येत नव्हतं, म्हणून त्याने विठूला फोन केला होता: माझ्या वतीने देवापुढे उभा राहा. विठूने मागे बसलेलं भाडं अर्ध्या वाटेवर उतरवलं होतं आणि भरपावसात देऊळ गाठलं होतं. देवळात चिटपाखरू नव्हतं. गाऱ्हाणं त्यानेच घातलं आणि "व्हय म्हाराजा"ही त्यानेच म्हटलं, कारण म्हणायला दुसरं कोणी नव्हतं. ओल्या कपड्यांनिशी त्या म्हाताऱ्याचं नाव त्याने पुन्हा पुन्हा घेतलं होतं. तो म्हातारा विठूलाही लहानपणी काजूच्या बिया भाजून द्यायचा. चार दिवसांनी तो गेला.

"घेतलंय," विठू म्हणाला. "रवळनाथाची आण. घेतलंय, नारायण."

नारायणाने त्याच्याकडे बघितलं. सकाळी फाटकाशी बघितलं होतं तितकाच वेळ. मग मान हलवली, हेल्मेट चढवलं आणि लाल गाडी सुरू केली.

"चल," तो म्हणाला, "ते वाट बघीत असतले."

विठू स्कूटर घेऊन त्याच्या मागून निघाला. नारायण आता बरा चालवत होता. त्याने विश्वास ठेवला की नाही, हे पाठीकडून ओळखता येत नव्हतं. विठू खरं तेच बोलला होता. पण त्या पावसात देवळात ते गाऱ्हाणं ऐकायला विठूशिवाय कोणीही नव्हतं.